इंचाला फूट

२०२४ च्या डिसेंबरातल्या एका सकाळी मी खिशात मोजपट्टी टाकून फिरायला निघालो, तेव्हा सौभाग्यवती दारातच म्हणाल्या, "निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता कोणाचं बिल काढायचंय?" बिल कोणाचंच काढायचं नव्हतं. उलट सदतीस वर्षांपूर्वीचं माझंच एक देणं थकलं होतं आणि त्यातलं थोडंफार फेडण्याची संधी घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर चालून आली होती. मोजपट्टीची हकीकत पुढे येईलच. आधी त्या देण्याची सांगायला हवी. कारण ती मी आजवर घरातसुद्धा पुरती सांगितलेली नाही.

१९८७ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत मी कनिष्ठ अभियंता होतो. वय सत्तावीस, नोकरीला तीन वर्षं झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचा तो काळ. गावात एकच सार्वजनिक बाग आणि बागेत एक प्रचंड रेन ट्री. पुस्तकात त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पण गावाला ते आपलंच वाटायचं. संध्याकाळी त्याची पानं मिटायला लागली की बागेतल्या म्हाताऱ्यांची बैठक उठायची. उन्हाळ्यात त्याच्या चिकट, गोड शेंगा खायला शेळ्या कुंपणातून आत घुसायच्या आणि माळीबाबा काठी घेऊन त्यांच्यामागे धावायचे. बागेत येणाऱ्या पोरांना दुसऱ्या करमणुकीची गरजच नव्हती.

पालिकेने ठरवलं, बागेत वाचनालयाची नवी इमारत बांधायची. पहिल्या नकाशात सभागृहाचा एक कोपरा नेमका या झाडाच्या खोडावर येत होता. मग व्हायचं ते झालं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात पत्रं आली. एक निवृत्त मुख्याध्यापक झाडाखाली सतरंजी टाकून बसले. कन्याशाळेच्या मुलींनी झाडाला राख्या बांधल्या. नगराध्यक्ष वैतागले आणि नकाशा माझ्या टेबलावर आला. मी दोन रात्री जागून इमारत काटकोनात वळवली, कोपरा चौदा फूट मागे घेतला आणि झाड वाचवलं. निदान तेव्हा सगळ्यांनी तसंच म्हटलं. भूमिपूजनाच्या सभेत मला नारळ मिळाला. एका वक्त्याने रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चा दाखला दिला: आरमारासाठी लाकूड हवं असलं तरी रयतेने वर्षानुवर्षं जपलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नका, ही ती प्रसिद्ध ताकीद. आमचा झाडासमोरचा फोटो छापून आला. त्याचं कात्रण मी आईवडिलांना पोस्टाने पाठवलं.

आणि मग काम सुरू झालं.

बांधकामाच्या जागेवर मे महिन्यात मोठं झाड असलं की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळं त्या सावलीत येतं. सिमेंटची शेड झाडाखाली, कारण पोती तापू नयेत. वाळू आणि खडीचे ढीग झाडाखाली. मिक्सर झाडाखाली, आणि संध्याकाळी तो धुतलेलं पांढरट पाणी खोडाच्या बाजूला सोडून दिलेलं. सळई वाकवायचा पाट झाडाखाली. मजुरांच्या झोपड्या, त्यांच्या चुली, मुलांचे पाळणे, सगळं तिथेच. ट्रक मागे घेऊन झाडाखालीच उलटा करायचा. कंत्राटदार म्हणायचा, "साहेब, सावलीत माणूस दीडपट काम करतो." ते खरंही होतं. पायासाठी आम्ही झाडाच्या बाजूला सरळ चर खणला. मुळं लागली ती कुऱ्हाडीने तोडली. खणून निघालेली माती बाहेर नेण्याचा खर्च होता, म्हणून ती बागेतच पसरली. झाडाभोवती दीड-दोन फूट भराव झाला, जमीन छान एका पातळीत आली. शेवटी खोडापासून चार फुटांवर गोल दगडी पार बांधला आणि त्याभोवती शहाबादी फरशी बसवली. त्या पाराचा नकाशा माझा. वाचनालयापेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त होता.

माळीबाबा हे सगळं रोज पाहत होते. फारसं बोलणारा माणूस नव्हता तो. पण फरशी बसवली त्या दिवशी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सायेब, तोडलं असतं तर येका दिवसात मेलं असतं बिचारं."

मी हसलो. म्हाताऱ्याला इमारतच नको आहे, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी झाड इतकं फुललं की पुरे. गुलाबी तुरे पारावर, फरशीवर, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. मी माळीबाबांना मुद्दाम ते दाखवलं. ते काही बोलले नाहीत. १९८९ च्या पावसाळ्यानंतर पानं जरा बारीक वाटली. १९९० मध्ये शेंड्याच्या चार-पाच फांद्या नुसत्या काठ्या राहिल्या. १९९२ च्या उन्हाळ्यात झाड उभं वाळलं. गावात कारणं पुष्कळ निघाली. कोणी म्हणालं वीज पडली, कोणी म्हणालं कीड लागली, कोणी म्हणालं वयच झालं होतं. पाच वर्षांपूर्वीच्या बांधकामाचं नाव कोणाच्याही तोंडी आलं नाही. माझ्याही नाही. तोडण्याचा प्रस्ताव सभेपुढे पडून राहिला आणि १९९३ च्या जूनमध्ये, पहिल्याच वादळात, रात्री तीनच्या सुमाराला ते बालविभागाच्या खिडक्यांवर कोसळलं. दिवसा पडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही फार वेळ करू शकत नाही.

बुंधा काढायच्या वेळी मी उभा होतो. इमारतीच्या बाजूची मुळं चराच्या रेषेत सुरीने कापल्यासारखी संपली होती. बाकीच्या बाजूंना भरावाच्या खालची जुनी जमीन काळी पडली होती आणि तिला गटारासारखा वास येत होता. माळीबाबा तेव्हा निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. त्यांना पत्र लिहावं असं मनात आलं. पण काय लिहायचं ते सुचलं नाही.

आम्हा स्थापत्यवाल्यांना माती शिकवतात ती भार पेलणारी वस्तू म्हणून. ती जितकी दाबावी तितकी चांगली. झाडाच्या लेखी मात्र दाबलेली माती म्हणजे गळा आवळलेली माती, हे मला पुढे एका प्रशिक्षणवर्गात कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांकडून पहिल्यांदा कळलं. झाड वर जेवढं तेवढंच खाली, असं चित्र शाळेपासून आपल्या डोक्यात असतं. प्राध्यापकांनी ते खोडून टाकलं. परातीत समई उभी केलेली डोळ्यांसमोर आणा. समई म्हणजे खोड. परात म्हणजे मुळं. उथळ, पसरट, आणि समईपेक्षा कितीतरी रुंद. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि पाणी-अन्न शोषणारी केसांसारखी मुळं तर बरीचशी वरच्या फूटभरातच. फांद्यांची सावली जिथे संपते त्याच्याही कितीतरी पुढे ती जातात. ती उथळ का? कारण मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटीतून हवा खाली जाते, ती जिथवर पोचते तिथवरच मुळं सुखाने जगतात. भरलेला ट्रक ओल्या मातीवरून दोन-चार वेळा गेला की या फटी मिटतात, आणि बहुतेक नुकसान या पहिल्या फेऱ्यांतच होतं. म्हणजे "एकच गाडी आत घेतो साहेब" हे वाक्य कंत्राटदाराला वाटतं तितकं निरुपद्रवी नसतं. वर दीड फूट भराव टाकला की तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने होते. सिमेंटचं पाणी जमिनीचा गुण बदलतं, लोहासारखी द्रव्यं असूनही झाडाला घेता येत नाहीत आणि पानं पिवळी पडतात.

मग झाड लगेच का मरत नाही? कारण त्याच्या खोडात आणि जाड मुळांत शिदोरी असते. तीवर ते दोन वर्षं, चार वर्षं काढतं. आमच्या झाडाचा तो १९८८ चा बहर मी कौतुकाने पाहिला; जीव घाबरला की झाड कधीकधी असं फुलतं, बी टाकून मोकळं होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

जखमांचंही तसंच. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतून पाहिली आणि १९७० च्या दशकात सांगितलं की, झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि पुढचं वाढणं बाहेरून करतं. कुजका भाग आत तसाच राहतो. ट्रकच्या पाठीमागच्या फळीने निघालेली वीतभर साल दोन वर्षांत झाकली जाते आणि आपण म्हणतो, बरं झालं. आत काय चाललंय ते वादळाच्या रात्री कळतं.

या सगळ्यावर जगभरच्या जाणकारांनी एक सोपा हिशेब बसवला आहे, आणि तो मला आमच्या सगळ्या सूत्रांपेक्षा आवडतो. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा. जितके इंच व्यास, तितके फूट जमीन खोडाच्या चहूबाजूंना मोकळी ठेवायची. इंचाला फूट. ब्रिटनची बांधकाम आणि झाडांविषयीची ५८३७ क्रमांकाची प्रमाणसंहिता २०१२ च्या आवृत्तीतही हेच सांगते: व्यासाच्या बारा पट त्रिज्या, जास्तीत जास्त पंधरा मीटर. व्यास मोजायला खोड कापावं लागत नाही. घेर मोजून ३.१४ ने भागायचा. सातवीतला मुलगा करील. तुमच्या सोसायटीत, रस्त्यावर, देवळापुढे जे झाड असेल त्याच्याशी आज संध्याकाळी हा प्रयोग जरूर करून पाहा. उत्तर पाहून दचकायला होतं. या वर्तुळात गाडी नाही, ढीग नाही, चर नाही, भराव नाही, आणि त्याच्या कडेने कुंपण. हे कुंपण जागेवर पहिला ट्रक यायच्या आधी उभं राहायला हवं, शेवटचा ट्रक गेल्यावर नव्हे. माझ्या पाराचा सगळा घोटाळा त्यात आला.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात झाड 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. २०२१ मध्ये सुधारणा होऊन पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' वृक्षांचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अटही आली. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००० मध्येच झाडाभोवती सहा फूट बाय सहा फूट जागा कच्ची ठेवायला सांगितलं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला. पंचवीस-तीस फुटांची गरज असलेल्या झाडाला एक मीटर म्हणजे बुडत्याचं नाक तेवढं पाण्याबाहेर धरल्यासारखं. पण नाक बाहेर असणं आत असण्यापेक्षा चांगलंच.

माझा अनुभव असा की, अडचण कायद्याच्या पुस्तकात नसून आमच्या तक्त्यात आहे. कोणत्याही प्रकल्पाच्या कागदात झाडांचे तीन रकाने असतात: तोडावयाची, पुनर्रोपण करावयाची आणि राखावयाची. पहिल्या दोन रकान्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. वृक्ष प्राधिकरण असतं, हरकती-सूचना असतात, मोर्चे असतात, न्यायालय असतं. तिसऱ्या रकान्यातल्या झाडांना कोणी वाली नाही, कारण ती वाचलेली असतात! त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात एक रुपया नसतो, मोजमाप पुस्तिकेत एक ओळ नसते. मुलीकडे एका मोठ्या शहरात गेलो होतो, तिथे रस्त्याच्या कडेला केबलसाठी चर खणला होता. ओळीने सोनमोहर उभे, आणि प्रत्येकाची रस्त्याकडची मुळं उसाच्या कांड्यांसारखी तुटून चरात लोंबत होती. फलकावर लिहिलं होतं, एकही झाड न तोडता काम सुरू आहे. लिहिणारा माणूस खोटारडा होता असं मला वाटत नाही. मीही तेच लिहिलं असतं.

आणि आता मोजपट्टीकडे येतो.

आमच्या घराजवळ महापालिकेची एक शाळा आहे. तिचं मैदान संध्याकाळी साऱ्या वस्तीला खुलं असतं. मैदानाच्या कडेला चिंचेची तीन झाडं. शाळा सत्तर वर्षांची; झाडं तिच्यापेक्षा जुनी असं म्हणतात. तिथे अभ्यासिका आणि स्वच्छतागृहं बांधायचं ठरलं, फलक लागला आणि फलकाच्या शेवटच्या ओळीत होतं: राखावयाची झाडे, तीन. ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

पहिल्या चिंचेचा घेर भरला नऊ फूट दोन इंच, म्हणजे एकशे दहा इंच. व्यास पस्तीस इंच. पस्तीस फूट! मी पावलं टाकत होतो तेवढ्यात एक तरुण अभियंता बाई हेल्मेट सावरत आल्या. "काका, काही हवंय का?" मी म्हटलं, "मॅडम, थोडी फक्की मिळेल?" मग आपण कोण ते सांगितलं. निवृत्त साहेब जागेवर आला की कामावरच्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मला चांगलं माहीत आहे. मीही तसे चेहरे पुष्कळ केलेत. पण बाईंनी ऐकून घेतलं. मी त्यांना कायदा सांगितला नाही, रेन ट्रीची गोष्ट सांगितली. तोवर फक्की आली होती. आम्ही तिन्ही झाडांभोवती वर्तुळं आखली. दोन वर्तुळं एकमेकांत शिरली, एक इमारतीच्या पायात शिरलं. एका बाजूने थोडं कमी केलं तर झाड चालवून घेतं, पण मग दुसरीकडे तेवढं सोडावं लागतं. बाईंनी इमारतीकडे बावीस फूट कबूल केले, मैदानाकडे चाळीस.

"पण काका, टेंडरमध्ये कुंपणाचा आयटमच नाही."

हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा वापरलं असेल! उपाय त्यांनीच काढला. रस्त्याच्या बाजूने लावायला जे पत्रे आले होते त्यातले पंधरा-वीस उरत होते. ते बांबूंवर बांधले, एवढाच काय तो खर्च. २०२१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडायच्या झाडांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला ७४,५०० रुपये धरावी असं सुचवलं होतं. सत्तर वर्षांच्या एका चिंचेचे त्या हिशेबाने बावन्न लाख पंधरा हजार होतात. मी तो आकडा कंत्राटदाराला सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला.

मुकादमाला मात्र काही समजवावं लागलं नाही. मराठवाड्याकडचा माणूस. वर्तुळ पाहिल्याबरोबर म्हणाला, "आमच्याकडं हिरीची माती आंब्याच्या बुडात टाकली व्हती. चार वर्सांत गेला आंबा." माझ्या पदवीत जे नव्हतं ते त्याला विहिरीच्या मातीने शिकवलं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मी पोचलो त्याच्या आदल्या संध्याकाळीच सांडपाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने पूर्वेकडच्या चिंचेपासून पाच फुटांवर चर मारला होता. मनगटाएवढी मुळं फाटून वर आली होती. कुऱ्हाडीने तुटलेलं मूळ एकवेळ परवडतं. जेसीबी मूळ तोडत नाही, उपटतो, आणि ते आत कुठवर चिरलंय हे दिसत नाही. टोकं करवतीने नीट कापली, काँक्रीटवर टाकायला आणलेलं गोणपाट भिजवून त्यांवर घातलं आणि त्याच दिवशी काढलेली माती परत भरली. पाइप मैदानाच्या दुसऱ्या कडेने नेला, त्यात दोन चेंबर वाढली. उरलेल्या दोन झाडांच्या वर्तुळाला जिथे पाइप चाटून जात होता तिथे पहारीने हाताने खणलं. इंचाहून जाड मूळ लागलं तर ते तसंच ठेवून पाइप खालून सरकवला. मजूर कुरकुरले, मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. किती मुळं चुकवली याची ते एकमेकांत मोजदाद करायचे.

एका रविवारी वाळूचा ट्रक पत्रे बाजूला सारून आत गेला आणि झाडाखाली ढीग ओतून आला. का, तर सावली! सोमवारी बाईंनी तो सगळा ढीग घमेल्यांनी बाहेर काढायला लावला. त्या दिवशी मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. दुसरी तक्रार वर्गशिक्षिकेकडून आली, की पत्र्यांमुळे पोरांना चिंचा मिळत नाहीत आणि पोरं पत्र्यांवर दगड मारतात. हा मुद्दा ब्रिटिश प्रमाणसंहितेत नाही. मग एका पत्र्याला कडी-कुलूप लावलं, किल्ली शिपायाकडे दिली आणि मधल्या सुट्टीत दार उघडायचं ठरलं. पोरांच्या पायांनी माती ट्रकसारखी दबत नाही. गाभुळलेल्या चिंचा वेचायला बाईही आत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पेव्हर ब्लॉकचं भांडण सर्वांत लांबलं. अंदाजपत्रकात साऱ्या आवाराला ब्लॉक होते, 'स्वच्छ दिसावं म्हणून'. शेवटी वर्तुळांत ब्लॉक नाहीत, झाडाचाच पालापाचोळा राहील, असं ठरलं. आता झाडणाऱ्या मावशी तो पाला रोज सकाळी नेमाने गोळा करून पेटवतात आणि मी रोज सकाळी त्यांना नेमाने तेच सांगतो. "साहेब, कचरा नाही काढला तर आम्हाला बोलणी बसतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खरं आहे.

२०२५ च्या चैत्रात दोन चिंचा अंगभर पालवल्या. पूर्वेकडची पंधरा दिवस उशिरा पालवली आणि चराच्या बाजूच्या दोन फांद्या तशाच राहिल्या. पावसाळ्यात त्यांतल्या एकीवर थोडी पानं आली, दुसरी कोरडीच आहे. वाळलेली फांदी पोरांच्या डोक्यावर नको म्हणून तेवढी काढून घ्यायला सांगितली आहे; उन्हाळ्यात आठवड्याला एक टँकर पाणी द्यायचं बाईंनी कबूल केलं आहे. अभ्यासिका सुरू झाली. पत्रे निघाले.

शनिवारी सकाळी मी अजूनही जातो. मागच्या आठवड्यात त्या झाडाखाली उभा राहून शेंडा निरखत होतो, तर शिपाई जवळ आला. "काका, काम तर केव्हाच संपलं. अजून काय बघताय?"

मी म्हटलं, "२०३० पर्यंत बघायचंय."

तो हसला. म्हणाला, "तोवर तुम्ही..." आणि मध्येच थांबून खिशात किल्ली शोधायला लागला.